‘दहा’ म्हणायचं राहून गेलं

मधू, तेरवी झाली, मांडव निघाला, भाड्याच्या खुर्च्या परत गेल्या. आता कुठे मला तुझ्याशी भांडायला सवड मिळाली आहे. इतके दिवस मी गप्प होतो. लोक म्हणत होते, सुधाकररावांनी किती शांतपणे सगळं निभावलं. शांत कसला! आतून नुसता धुमसत होतो. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, पण तू जे करून ठेवलं आहेस ते गोड मानून घेण्याइतका मी भला माणूस नाही, आणि हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे?

आधी तेरवीच्या दिवशीचं सांगतो. गढा वस्तीतल्या तुझ्या घरासमोर चार-पाच जण बोलले. एकाने सांगितलं की तू फार मितभाषी होतास. तू! लेथ चालू असतानाही ज्याचं तोंड बंद नसायचं, तो तू. मी ऐकून घेतलं. मग तुमच्या कॉलनीचे ते पांढऱ्या सफारीतले अध्यक्ष उठले आणि म्हणाले, “मधुकरजी को खिलौने बनाने का बड़ा शौक़ था.” खिलौने! आठ फूट लांब, चार जणांनी धरल्याशिवाय जागचं न हलणारं, तांब्याच्या बॉयलरचं, खऱ्या कोळशावर चालणारं, माणसांना मागे बसवून ओढणारं इंजिन, आणि म्हणे खेळणं. मी उठून उभा राहिलो होतो. कुंदावहिनींनी मागून शर्ट ओढून खाली बसवलं. “भाऊजी, आज नका,” म्हणाल्या. तुझ्या बायकोचं मी ऐकतो, म्हणून अध्यक्ष वाचले.

नऊ वर्षं लागली तुला ते इंजिन करायला. तुझे बाबा नॅरोगेजवर फायरमन होते, नैनपूरच्या शेडात त्यांची हयात गेली, आणि ज्या जर्मन इंजिनात त्यांनी कोळसा टाकला तेच इंजिन तुला एकास सहा या मापात उभं करायचं होतं. हिशोब तुला फार आवडला होता. अडीच फुटांच्या खऱ्या रुळाचे सहा भाग केले की बरोबर पाच इंच. “बघ बे, जर्मनांनी माझ्यासाठीच बनवलं,” म्हणायचास. शेडातल्या एका म्हाताऱ्या फोरमनकडून तू जर्मन ड्रॉइंगच्या झेरॉक्स मिळवल्यास. अक्षर न अक्षर जर्मन. आपण दोघं शब्दकोश घेऊन बसायचो. धुराड्याला तिकडे शोर्नश्टाइन म्हणतात हे कळल्यावर तू तासभर हसत होतास. “शोर तर करणारच ना मग!” त्या दिवसापासून तुझ्या घरात धुराड्याला ‘शोर’ हेच नाव पडलं. तुझी लेक नेहासुद्धा लहानपणी तेच म्हणायची असं तू पुढे लोकांना सांगायचास, ते साफ खोटं. तेव्हा ती कॉलेजात होती.

आणि नेमक्या त्या शोरच्याच कागदाला वाळवी लागलेली होती. बाकी सगळी मापं मिळाली, धुराड्याचं नाही. म्हणून आपण ते खऱ्या इंजिनावर मोजायला गेलो.

त्या दिवसाचा विचार मी गेले चार दिवस करतो आहे, म्हणून नीट लिहितो. पण त्याआधी मी तेव्हा कसा होतो ते लिहायला हवं, कारण ते आपण एकमेकांशी कधी बोललो नाही. फॅक्टरीत तू टर्नर, मी तपासणीत. तू बनवायचं, मी लाल पेन्सिल घेऊन नापास करायचं. माझ्या पेन्सिलीला सगळे घाबरत, तू सोडून. आणि निवृत्तीच्या अगदी तोंडावर माझ्याच सहीने एक खेप पास झाली, तिच्यात एक माप चुकलेलं होतं. वाचन माझंच चुकलं होतं. कोणाला इजा झाली नाही, खेप परत आली, मला लेखी जाब द्यावा लागला, एवढंच. पण मी त्यानंतर अधारतालच्या घरातून बाहेर पडणं सोडलं. निरोप समारंभालाही गेलो नाही. भाजी आणायला जायचीही लाज वाटायची, जणू वजनकाट्यावरचा माणूसही मला ओळखून आहे. असे काही महिने गेल्यावर तू स्कूटर घेऊन दारात आलास. चौकशी नाही, सांत्वन नाही. “चल. टेप धरायला माणूस पाहिजे.” मी म्हटलं, नेहाला घेऊन जा. तू म्हणालास, “तिला दहावर धरता येत नाही.”

परवा नेहाने मला याचा अर्थ विचारला. मराठी तिला सगळं समजतं, पण हे तिलाही समजलं नव्हतं. मी तिला सांगितलं, टेपचं टोक, तो पत्र्याचा आकडा, वापरून वापरून सैल होतो. शून्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून कारखान्यातली माणसं टोक सोडून देतात आणि दहा सेंटीमीटरच्या रेघेवर धरतात. टेप धरणाऱ्याने मोठ्याने ‘दहा’ म्हणायचं. मग वाचणारा आलेल्या आकड्यातून दहा वजा करतो. धरणाऱ्याचं सगळं काम त्या एका शब्दात असतं. नेहा म्हणाली, “और काका, बोलना भूल गए तो?”

ते इंजिन तेव्हा नुकतंच रेल्वेच्या एका ऑफिससमोर चौथऱ्यावर चढवलं होतं. मी वर, धुराड्याशी. तू खाली, धुराडं जिथे बसतं तिथे, डायरी उघडून. तेवढ्यात पहारेकरी ओरडत आला, “ओ अंकल! उतरिए! गिर जाओगे तो नौकरी हमारी जाएगी!” मी महिनोन् महिने कोणाशी भांडलो नव्हतो. त्याच्यावर असा तुटून पडलो की काय सांगू. हे इंजिन त्याचं आहे का, त्याच्या बापाने कधी यात कोळसा टाकला होता का, आणि तुझ्या बापाने टाकला होता, असं सगळं मी वरून त्याला हिंदीत ऐकवलं. तू खाली हसून हसून बेजार झाला होतास. त्या हसण्यातच तू आकडा वाचलास, लिहिलास. बहात्तर. मग आपण गावातल्याच गोरखपूर बाजारात जाऊन गरम जिलेबी खाल्ली. मला आठवतं, मी दोनदा मागितली होती.

बहात्तरचे सहा भाग केले की बारा. तू बारा सेंटीमीटरचं धुराडं केलंस. सुंदर केलंस, वरची कड तर अशी की बोट फिरवत राहावं. आणि बसवल्यावर मी पहिलं वाक्य काय बोललो? “उंच वाटून राहिलं.”

इथून माझी वही सुरू झाली. ‘फरक’ असं वर लिहिलेली. एका बाजूला जर्मन मूळ, दुसऱ्या बाजूला तुझं. दर रविवारी सकाळी मी यायचो, चष्मा लावायचो, फुटपट्टी घ्यायचो. फरक दोन, पायरीचे रिव्हेट सातऐवजी सहा. फरक पाच, शिट्टी डावीकडे हवी. फरक अकरा, केबिनच्या आत पाण्याच्या सुरईसाठी लोखंडी कडी, जर्मन ड्रॉइंगमध्ये नाही. यावर आपलं केवढं भांडण झालं! तू म्हणालास, “माझ्या बापाची सुरई जर्मनीत राहत होती का? इथे राहत होती. कडी राहील.” मी म्हटलं, मग नक्कल म्हणू नकोस. तू म्हणालास, नाहीच म्हणत. पायरीचे रिव्हेट तू पुढच्या रविवारी सात केलेस, शिट्टीही हलवलीस. कडी ठेवलीस. आणि फरक एक, लाल पेन्सिलीने दोनदा अधोरेखित: धुराडं उंच, टर्निंगची चूक.

टर्निंगची चूक! मी हे तुझ्या तोंडावर किती वेळा म्हटलं असेल? फोटोंवरून मी गुणोत्तर काढून दाखवलं की खरं धुराडं बासष्टच्या आसपास असणार. “चाळीस वर्षं लेथवर काढली आणि एक नळी सरळ कापता येईना,” असं मी तुझ्या पाहुण्यांसमोर म्हटलं आहे. तू दरवेळी तेच म्हणायचास. “राहू दे बे. ओढ चांगली लागते.” आणि उंच धुराड्याने आगीला हवेची ओढ खरंच चांगली लागायची. घरामागे अँगलवर घातलेल्या त्या तीस फुटांच्या रुळावर पहिल्यांदा वाफ धरली तेव्हा आग अशी पेटली की वहिनींच्या वाळत घातलेल्या पापडांवर काजळी बसली. तू एकटा नाही, मीही ओरडलो होतो. पण संध्याकाळी घरी गेल्यावर मी वहीत फरक एकच्या पुढे लिहिलं, ‘अजून तसंच.’

मधू, बहात्तर आणि बासष्ट. बरोबर दहाचा फरक. फॅक्टरीतल्या कोणत्याही माणसाला हा आकडा दाखवला असता तर त्याने डोळे मिटून सांगितलं असतं काय झालं ते. मला इतकी वर्षं कळलं नाही. का नाही कळलं हे आता मला कळतं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

तेरवीनंतर दोन दिवसांनी ते विज्ञान दालनाचे साहेब आले. इंजिन त्यांना द्यायचं तू जाण्याआधीच ठरवलं होतंस. चांगला तरुण माणूस आहे, पण हातात फाइल आणि फाइलीत माझ्या वहीची झेरॉक्स! तूच अर्जासोबत जोडली होतीस. कोणाला विचारून? साहेब म्हणाले, समितीला इंजिन पसंत आहे, फक्त ते मूळ जर्मन इंजिनाशी जुळायला हवं, शाळेची मुलं बघायला येणार. बाकी बारीकसारीक चालेल, पण फरक एक चालणार नाही. लांबूनही दिसतो. “कटर से दो मिनट का काम है, अंकल. ऊपर से थोड़ा उड़ा देंगे.”

ती तू केलेली कड, आणि हा म्हणतो उडवून देऊ.

खरं लिहितो. मी तेव्हा चिडलो नाही. मी मान डोलावली. म्हटलं, शेवटी कोणीतरी माझी वही वाचली. इतका मी हलका माणूस. वर मीच म्हणालो, किती कापायचं ते नक्की सांगतो, मधूची मोजमापांची डायरी आत आहे. साहेबांना बसवलं, वहिनींनी चहा टाकला, नेहाने ट्रंकेतून डायरी काढून दिली. मी पान शोधायला लागलो तुझं धुराडं कापण्यासाठी.

पान सापडलं. ‘धुराडं ७२’ असं तुझ्या अक्षरात. आणि त्याखाली, वेगळ्या शाईत, हे.

‘एकटा जाऊन परत मोजलं. ६२. सुधानं दहा म्हटलंच नव्हतं, मीही विचारलं नाही. दोघांची चूक. त्याला सांगायचं नाही. आत्ता कुठे घराबाहेर निघून राहिला. धुराडं आहे तसं राहू द्यावं.’

दोघांची कशी रे? टेप माझ्या हातात होता. शब्द माझा होता. तू कोण दोघांची ठरवणारा? इतकी वर्षं माझ्या तोंडून टर्निंगची चूक, टर्निंगची चूक ऐकत राहिलास आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास. तुझ्या कारागिरीवर मी लाल रेघा मारत होतो आणि तू मला फुटपट्टी आणून देत होतास. तुला काय वाटलं, मी मोडून पडलो असतो? पडलो असतो कदाचित, त्या वर्षी. पण नंतर? पाच वर्षांनी सांगायला काय झालं होतं? गेल्या दिवाळीला? दवाखान्यात मी रोज तुझ्या उशाशी बसत होतो, तेव्हाही तू मला काय विचारलंस, तर फरकांची वही कुठे आहे. एकदा शिवी घालून सांगायचं होतंस, “सुधा, दहा तू म्हटलं नाहीस, गाढवा.” मी चिडलो असतो, दोन रविवार आलो नसतो, मग आलो असतो. आता मी माफी कोणाकडे मागू? त्या सफारीवाल्या अध्यक्षांकडे?

मी डायरी वहिनींसमोर धरली. त्यांनी वाचलीही नाही. चहाचे कप ठेवता ठेवता म्हणाल्या, “मला माहीत आहे ते, भाऊजी.”

“माहीत होतं? मग काहून नाही सांगितलं कोणी मला?”

“मी म्हटलं होतं त्यांना. तर म्हणे, त्याला वहीत लिहू दे. लिहायला काही असलं की रविवारी येतो.”

मी खुर्चीत बसलो. साहेबांना मराठी येत नाही, ते बिस्किट बुडवून खात होते. नेहाने माझ्या हातातून डायरी घेतली, बोट ठेवून हळूहळू वाचली, आणि म्हणाली, “काका, मतलब ये ग़लती बाबांची नाहीच?”

तेव्हा कुठे मला जो राग यायला हवा होता तो आला. मी साहेबांना उठवलं, म्हटलं चला, आधी मूळ बघून येऊ. नेहाने गाडी काढली. तू गेल्या वर्षभरात तिकडे गेला नव्हतास ते बरं झालं. तुझ्या बाबांचं इंजिन आता लाल आहे, वर पिवळे पट्टे. चाकं जोडणारे दांडे चंदेरी. शिट्टी गेली, तिथे देवळातली असावी अशी घंटा. दिवा कुठल्या तरी ट्रकचा. जिथून तुझे बाबा कोळसा टाकायचे ते तोंड वेल्डिंगने बंद, आणि धुराड्यावर पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून पत्र्याचं झाकण. शेजारी फोटो काढण्यासाठी पत्त्यातल्यासारखा भला मोठा लाल बदाम. मी साहेबांना म्हटलं, सांगा, यातलं काय काय जुळवायचं? घंटा लावू? बदाम लावू? ज्याच्या पोटात आग पेटवायची सोयच ठेवली नाही त्याच्यासारखं व्हावं म्हणून जे खरंच चालतं त्याचं धुराडं कापायचं? मी बहुधा फार मोठ्याने बोललो. पहारेकरी आला. तोच होता, मधू. केस पिकलेत. माझ्याकडे बघून म्हणाला, “अंकल, आज ऊपर नहीं चढ़ना.” आणि मग इकडेतिकडे पाहून, “वो दूसरे वाले साहब नहीं आए?”

मी त्याला सांगितलं. त्याने टोपी काढली. त्या सगळ्या तेरा दिवसांत मला रडू आलं नव्हतं, ते तिथे, त्या बदामाशेजारी आलं.

साहेब भला माणूस निघाला, हे कबूल करतो. गढ्याला परत आल्यावर म्हणाला, धुराडं राहू द्या, समितीला मी समजावतो. पण पाटीवर खुलासा लिहावा लागेल. त्याने तिथेच लिहूनही टाकला, ‘बनाने वाले से माप में हुई चूक.’ मी त्याच्या हातातून पेन घेतलं. बनवणाऱ्याकडून नाही, म्हटलं. माझं नाव लिही, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. टेप यांनी धरला होता, असं लिही. तो म्हणाला, अंकल, असं कोणी लिहीत नाही. मी म्हटलं, मी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांखाली त्यांची नावं लिहिली आहेत, मला लिहायची पद्धत माहीत आहे. नेहाने ते वाक्य आधी मराठीत लिहिलं, मग हिंदीत. ‘धुराडे’ लिहिताना अडखळली, मला विचारून घेतलं. कडीबद्दलही एक ओळ घालायला लावली मी. मधुकरच्या वडिलांची सुरई. ती चूक नाही, असं स्पष्ट.

वहीचं काय करायचं ते ठरलेलं नाही. फरक एकच्या पुढचं मी खोडलं आहे. बाकीचं राहू दिलं. सगळं बरोबर होतं असं तुला वाटायला नको.

जाता जाता साहेबांना काचेच्या पेटीसाठी इंजिनाची उंची हवी होती. त्यांनी नवाकोरा टेप काढला, टोक माझ्या हातात दिलं आणि स्वतः रुळाशी खाली बसले. “अंकल, ऊपर ज़रा पकड़िए.” मी तुझ्या धुराड्याच्या कडेवर टेप टेकवला. टोक सरळ होतं, पत्र्याचा आकडा घट्ट होता, शून्यावर धरलं असतं तरी चाललं असतं. अंगठा आपोआप दहाच्या रेघेवर गेला.

वहिनी दारात उभ्या होत्या. नेहा माझ्याकडे बघत होती.

“दहा!” मी म्हटलं. इतक्या जोरात की साहेब दचकले.

“क्या हुआ, अंकल?”

“दस. दस पे पकड़ा है. घटा लेना.”